पारड्यातला राजा

फार फार वर्षांपूर्वी, डोंगर आजच्यापेक्षा उंच होते असं म्हणतात त्या काळी, दोन डोंगररांगांच्या मध्ये एक लहानसं राज्य होतं. राजा होता म्हणून त्याला राज्य म्हणायचं, एवढंच. नाहीतर सकाळी निघालेला माणूस संध्याकाळच्या आत त्याच्या बाहेर पडायचा. वरच्या अंगाला नाचणी आणि वरी पिकायची, मधल्या पट्ट्यात ज्वारी, ओढ्याकाठी थोडा भात आणि थंडीत थोडा गहू.

त्या राज्यात एक रीत होती. सुगी आटोपली की राजाची तुला व्हायची. टेकडीवर देवीचं देऊळ होतं, देवळापुढे दोन दगडी खांब आणि त्यांना टांगलेला मोठा तराजू. एका पारड्यात राजाने बसायचं, दुसऱ्यात कोठारातलं धान्य ओतायचं. राज्यात जितक्या वाड्या, तितक्यांदा पारडं भरायचं. ते धान्य मग ज्यांना शेत नाही, ज्यांचा कमावता माणूस गेला, ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांना वाटायचं.

कुणा जुन्या राजाने दुष्काळानंतर देवीपुढे शपथ घेतली होती. "माझं पारडं जेवढं खाली जाईल, तेवढं अन्न माझ्या लोकांचं. त्याहून कमी नाही, त्याहून जास्त नाही. बाकीचं कोठार बियाण्याचं आणि वाईट दिवसांचं. त्याला राजानेही हात लावू नये." शपथ घेणारा गेला. शपथ मात्र राहिली.

आपली गोष्ट सुरू होते त्या साली गादीवर नवा राजा बसला होता. वयाने कोवळा, मनाने चांगला, अंगाने काटक. सकाळी नाचणीची भाकरी आणि वाडगाभर ताक घेऊन तो बाहेर पडायचा, तो सगळं शिवार पालथं घालून ऊन कलल्यावर परतायचा. कुणाचा बांध फुटला, कुणी कुणाचं पाणी तोडलं, हे त्याला चालता चालताच कळायचं आणि भांडण बांधावरच मिटायचं. त्याला कधी दम लागलेला कुणी पाहिला नव्हता.

पण तुलेच्या दिवशी तो पारड्यात बसला आणि चार टोपल्या पडतात न पडतात तोच समोरचं पारडं खाली टेकलं. दर वाडीला तेच. वाटप सुरू झालं आणि रांग संपायच्या आधी धान्याने तळ गाठला.

रांगेच्या शेवटी एक म्हातारी उभी होती. नवरा केव्हाच गेलेला, घरात एक पांगळी लेक. तिच्या पदरात ओंजळभर ज्वारी पडली. तिने पदराकडे पाहिलं, मग राजाकडे पाहिलं.

"अरं राजा," ती म्हणाली, "तू तर नुस्ता काटकुळा! जरा अंगानं भर की. तुझ्या हाडांवर आमची चूल किती दिस पेटायची?"

लोक हसले. म्हातारीही हसली आणि काठी टेकत टेकडी उतरून गेली. गमतीत बोललेली गोष्ट, तिथल्या तिथे विसरायची. पण राजाला ती विसरता येईना. चांगल्या माणसांची हीच अडचण असते. त्यांना कुणी टोमणा मारला, की ते त्याचं व्रत करून टाकतात.

दुसऱ्या दिवशी राजाने आचाऱ्याला बोलावलं.

"पुढच्या सुगीपर्यंत मला जड व्हायचंय," राजा म्हणाला. "आजपासून दुप्पट वाढ."

आचाऱ्याने दुप्पट वाढलं. राजा जोर लावून जेवला. पण नाचणीची तिसरी भाकरी अर्धी झाली की हात थांबायचा. घास घशापर्यंत जायचा आणि तिथेच अडून बसायचा. महिना झाला तरी अंगरखा होता तसाच ढगळ राहिला.

"महाराज, यात माझी चूक नाही," आचारी म्हणाला. "भाकरीत कोंडा असतो. ती चावावी लागते. तुम्ही चावता, तोवर पोटाला बातमी पोचते, आणि पोट म्हणतं, पुरे."

"मग पोटाला बातमी पोचणार नाही असं काहीतरी कर."

आचारी हुशार होता. काम कसं करायचं एवढंच हुशार माणूस विचारतो. ते कशासाठी करायचं हे विचारायला थोडं मंदच असावं लागतं. त्याने नाचणी, वरी आणि ज्वारीला मुदपाकखान्याबाहेर काढलं. गहू दळून वस्त्रगाळ सपीट केलं. तांदूळ उखळात पुन्हा पुन्हा सडून मोगऱ्याच्या कळीसारखे पांढरे केले. सडताना आणि चाळताना निघालेल्या कोंड्याचा ढीग मागच्या अंगणात साचला. आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणाऱ्या बायकांचं कौतुक होतं. त्या वाड्यात मांड्यापायी कोंड्याचे ढीग लागले.

राजाच्या ताटात आता पांढरा मऊ भात, पुऱ्या, शिरा आणि साखर घोळलेले मांडे येऊ लागले. चावायचं काही उरलंच नाही. घास जिभेवर ठेवला की घसरून खाली. राजा जेवून उठायचा, घटकाभर बसायचा, आणि त्याला पुन्हा भूक लागायची.

"हे नवलच आहे," राजा म्हणाला. "पूर्वी एका भाकरीवर मी शिवार फिरून यायचो. आता ताटावरून उठलो की पुढचं ताट आठवतं."

"हीच तर युक्ती आहे, महाराज!" आचारी आनंदाने म्हणाला.

पुढच्या सुगीला राजा पारड्यात बसला. टोपल्या पडत राहिल्या आणि समोरचं पारडं खाली यायला वेळ लागला. लोकांनी आरोळ्या ठोकल्या, ढोल वाजवला. रांग संपली तेव्हा सगळ्यांच्या पदरात काही ना काही होतं. शेवटी उभ्या असलेल्या म्हातारीचा पदरही भरला. तिने राजाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "औक्षवंत हो रं लेकरा!"

राजाचे डोळे भरून आले. त्या दिवशी त्याला जे सुख मिळालं, ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते त्याला सोडवेना.

वर्षामागून वर्षं गेली. राजा भरत गेला. लोकांनीही हातभार लावला. तुलेच्या आधीच्या महिन्यात प्रत्येक घराने राजासाठी एक गोड पदार्थ न्यायचा, अशी नवी चाल पडली. तिला लोक 'राजभरण' म्हणू लागले, आणि पुढे ते बारा महिने येऊ लागलं. ज्यांच्या घरी स्वतःला गूळ नव्हता, ते शेजारून मागून आणायचे. आपल्या हातचं खाऊन राजा जड झाला, तर आपल्याच पदरात धान्य पडणार, हा हिशेब तर होताच. पण त्यात मायाही होती. दोन्ही इतकी एकत्र मिसळलेली, की नेणाऱ्यालाही वेगळी करता आली नसती. म्हातारीसुद्धा दरसाल वाटीभर खीर नेऊन द्यायची.

दरबारात पोट ही शोभा झाली. बारीक माणसाकडे लोक संशयाने पाहू लागले. एका सडपातळ कारभाऱ्याने तर अंगरख्याखाली उशी बांधायला सुरुवात केली. पुढे त्याचंच पोट एवढं सुटलं, की उशी बांधायची गरज उरली नाही.

मागच्या अंगणातला कोंडा मात्र वाया गेला नाही. तो वाड्याच्या दोन बैलांना घालत. ते बैल असे काही तकतकीत झाले, की माशी बसली तर घसरावी. राजाला चालवेनासं झालं, तेव्हा त्याची गाडी ओढायचं काम त्यांच्याकडे आलं.

चढावर एकदा धाकटा बैल म्हणाला, "दादा, हा माणूस दर महिन्याला जड कसा होतो?"

"तो खातो म्हणून," थोरला म्हणाला.

"खातो तर आपणही. मग आपल्या अंगात ओढायचं बळ येतं, आणि त्याच्या अंगात नुसतं ओढून न्यायचं ओझं, असं का?"

थोरल्याने रवंथ करता करता विचार केला. "दाण्याचे दोन भाग केलेत त्यांनी," तो म्हणाला. "आपल्या वाट्याला कुठला आला, ते बोलू नकोस. ऐकलं तर परत घेतील."

तेव्हा दोघेही गप्प राहिले. माणसं जनावरांचं ऐकत नाहीत हे ठाऊक असूनही, जपलेलं बरं.

पुढे गाडीचाही त्रास होऊ लागला आणि राजाने शिवारात जाणंच सोडलं. वरच्या वाडीचा बांध फुटला, तो तसाच राहिला. खालच्या वाडीने पाट वळवला, त्यावरून डोकी फुटली. ज्वारीचं एक रान पाण्यावाचून गेलं, एक पाण्याने गेलं. कोठारात येणारं धान्य दर सुगीला थोडं थोडं कमी होऊ लागलं. पण पारडं जड होतं. जड पारड्याकडे बघायची सवय लागली, की कोठाराच्या तळाकडे बघायची सवय जाते.

आणि एका हिवाळ्यात, तुला होऊन गेल्यावर, राजा आजारी पडला. बसल्या जागी त्याला धाप लागायची. पाय सुजले. तहान भागेना. टाचेला झालेली साधी जखम भरता भरेना.

वैद्य आला. त्याने नाडी पाहिली, पाय पाहिले, ताटही पाहिलं.

"महाराज, हे ताट बदललं नाही तर पुढच्या तुलेला तुम्ही नसाल," तो म्हणाला. "पूर्वीची भाकरी सुरू करा. भुकेइतकंच खा. रोज थोडं चाला. शरीर हळूहळू उतरेल."

"उतरेल?" राजाने विचारलं. "म्हणजे मी हलका होईन?"

"हो."

"मग नको."

वैद्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"मी हलका झालो तर पारडं हलकं होईल," राजा म्हणाला. "माझा जीव वाचवायला मी त्या रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या तोंडचा घास काढू? ते माझ्याने होणार नाही."

वैद्य बाहेर आला आणि त्याने राणीला सगळं सांगितलं. शहाण्या माणसाला वाचवणं सोपं असतं, लोभी माणसालाही घाबरवता येतं. पण आपण पुण्य करतोय अशी ज्याची खात्री आहे, त्याला कुठल्या औषधाने वाचवायचं, हे वैद्याच्या पोथीत नव्हतं.

राणी पाणवठ्यावर गेली. तिथल्या बायकांना तिने हात जोडून सांगितलं, "यंदा राजभरण आणू नका. त्यांचा जीव जाईल."

बायकांनी माना हलवल्या आणि आपापल्या घागरींत पाहिलं. दुसऱ्या दिवशी लाडू आलेच, फक्त फडक्याखाली झाकून. ती माणसं दुष्ट नव्हती. पण पोराबाळांच्या पोटाचा प्रश्न आला, की भल्याभल्यांना कमी ऐकू येतं.

मग राणी म्हातारीच्या झोपडीत गेली. म्हातारी परातीत भाकरी थापत होती. पांगळी लेक चुलीपाशी बसून जाळ सारत होती. राणीने दारातच बसून सगळं सांगितलं. राजाला पहिल्या तुलेचे म्हातारीचे शब्द अजून जसेच्या तसे पाठ आहेत, हेही सांगितलं.

म्हातारीचा हात पिठातच थांबला.

"माझ्या एका बोलण्यापायी?" ती म्हणाली. "मला तर ते ध्यानातबी नव्हतं, बाई. आन वर मी दरसाल खीर नेत हुते."

तव्यावरची भाकरी करपली. तिने ती काढली, पदरात गुंडाळली आणि राणीच्या मागोमाग वाड्यावर गेली.

राजा गाद्यांच्या आधाराने बसला होता. म्हातारीला पाहून त्याचा चेहरा उजळला. "आजी, यंदा तुझा पदर फाटेल बघ," तो धापा टाकत म्हणाला.

"पदराला लागू दे आग," म्हातारी म्हणाली. "तू मेलास तर पारड्यात कोण बसंल?"

"कुणीतरी बसेल."

"बसंल, आन माझ्यासारखी एखादी सटवी त्यालाबी कायतरी बोलंल, आन त्योबी असाच मरंल. अरं, उपाशी माणसाच्या तोंडचं बोलणं ते. भूक बोलती, माणूस न्हाई. तू ते देवीचा कौल समजून धरून बसलास!"

"पण आजी, मी बारीक झालो तर तुम्ही काय खाल?"

म्हातारी त्याच्या समोर जमिनीवर बसली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नसल्याने तिने आधी पदरातली करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "शपथ काय हाय? पारडं खाली जाईल तेवढं अन्न, आसंच ना? मग तराजूला काय कळतंय रं, मांस कुठलं आन पोतं कुठलं? तू पायथ्यापासनं खांद्यावर पोतं घेऊन चढ. ते मांडीवर घे आन बस पारड्यात. जेवढं तुला उचलंल, तेवढं तुझं वजन."

राजाने ते मनात एकदा तोलून पाहिलं. मग त्याला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, तरी तो हसतच होता. एवढी साधी गोष्ट साऱ्या दरबाराला इतकी वर्षं सुचली नव्हती, कारण सारा दरबार गोड खाण्यात गुंतला होता.

गावोगावचे जुने लोक देवळात बसले आणि त्यांनी शपथेचा अर्थ लावला. पोतं चालेल, पण राजाने स्वतः, स्वतःच्या खांद्यावर, पायथ्यापासून वर आणलेलं. दुसऱ्याने हात लावलेलं चालणार नाही, कारण शपथ राजाची आहे. सगळ्यांना ते पटलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माणूस एका टोकाची चूक सोडतो, ती दुसऱ्या टोकाची धरायला.

राजाला आता घाई झाली. "हे सगळं धान्याने केलं," तो म्हणाला. "आता धान्याचा दाणाही माझ्या ताटात नको." वैद्य म्हणाला, महाराज, मी असं सांगितलं नव्हतं. पण राजाने आचाऱ्याला सुट्टी दिली आणि फळं, दूध, कंद एवढ्यावर राहू लागला. भात नाही, पोळी नाही, भाकरी नाही.

अंग झपाट्याने उतरलं. लोक चकित झाले. राजाही खूश झाला. पण त्याला सकाळी उठल्यावर अंधारी यायची. अंगणात चार फेऱ्या मारल्या की पाय लटपटायचे. स्वभाव किरकिरा झाला. साध्या गोष्टीवरून तो राणीवर ओरडायचा आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायचा. जाता येता त्याला भाकरीचा वास यायचा, आणि मनात दुसरं काहीच टिकेना.

तुलेचा दिवस आला. पायथ्याशी नाचणीचं पोतं ठेवलं होतं. राजाने ते उचललं, खांद्यावर घेतलं, पहिल्या काही पायऱ्या चढला आणि पोत्यासकट कोसळला. पोतं फुटलं. नाचणी पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेली. शेवटी त्याला दोघांनी धरून वर नेलं आणि रिकाम्या हातांनी पारड्यात बसवलं.

त्या वर्षी राजाचं पारडं पहिल्या तुलेपेक्षाही हलकं ठरलं. वाटप लवकर आटोपलं. रांगेत कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "याच्यापेक्षा लठ्ठ होता तो बरा होता!" कुणी त्याला गप्प केलं नाही. रांगेच्या शेवटी म्हातारी उभी होती. तिच्यापर्यंत काहीच आलं नाही.

लोक निघून गेले. राजा पायरीवर बसला. त्याला वर बघायचा धीर होईना. इतकी वर्षं आपण दुसऱ्यासाठी अंगावर ओझं वाढवलं, मग दुसऱ्यासाठीच ते उतरवलं, आणि दोन्ही वेळा शेवटच्या माणसाला फसवलं, असं त्याला वाटत होतं. तो ओक्साबोक्शी रडला.

म्हातारी त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने पदराची गाठ सोडली. आत एक नाचणीची भाकरी होती आणि लसणाची चटणी. घरून निघताना तिने ती वाटेसाठी घेतली होती. तिने भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली.

"धान्य नको, आजी. मी सोडलंय."

"त्या दाण्याशी वैर काय रं तुझं?" म्हातारी म्हणाली. "आदी त्याचं साल काढून त्याला नागवा केलास. मग त्यालाच घराबाहेर घातलंस. देवानं त्याला सालासकट धाडलाय, ते काय उगं? जसा आलाय तसा खा. भूक हाय तेवढाच खा. चावून खा."

राजाने घास घेतला. भाकरी गार होती आणि जाड होती. ती चावावी लागली. तो चावत राहिला. दुसरा घास, तिसरा घास. समोर ओढा वाहत होता, पायऱ्यांवर चिमण्या सांडलेली नाचणी टिपत होत्या. अर्धी भाकरी संपली आणि राजाने उरलेल्या अर्धीकडे पाहिलं. हात पुढे गेला नाही.

"आजी," तो हळूच म्हणाला, "पोट पुरे म्हणालं."

किती वर्षांनी त्याला तो आवाज ऐकू आला होता. उरलेली अर्धी म्हातारीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी राजाने आचाऱ्याला परत बोलावलं. मुदपाकखान्यात पुन्हा जातं फिरू लागलं आणि चाळणी खुंटीवर गेली. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी ज्वारीची भाकरी, बरोबर डाळ आणि रानातली भाजी. कधी वरीचा भात, कधी हातसडीच्या तांदळाचा. सणाला मांडाही व्हायचा, पण सणालाच. राजा भूक लागली की जेवायचा आणि पोट पुरे म्हणालं की उठायचा.

त्यात एक गोष्ट आपोआप उघडी पडली. राजाचं ताट आटलं, तसं वाड्याच्या वाट्याचं धान्य उरू लागलं. राणीने ते मोजायच्या भानगडीत न पडता सरळ वाडीवाडीवर धाडलं, आणि त्या वाईट वर्षात म्हातारीची चूल त्यावर पेटली. राजाच्या अंगावर चढून जेवढं धान्य पारड्यात उतरत होतं, त्याच्या कितीतरी पट त्याला जड करण्यातच खर्ची पडत होतं. हे आधी कुणी पाहिलं नव्हतं, कारण ढोल फार जोरात वाजत होता.

राजा चालू लागला. आधी वाड्याच्या दारापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग खालच्या वाडीच्या बांधापर्यंत. टाचेची जखम भरली. धाप कमी झाली. वरच्या वाडीचा फुटका बांध त्याने स्वतः उभं राहून घालून घेतला, आणि दगड उचलायलाही हात लावला. पाटाचं भांडण बांधावरच मिटलं. अंग उतरलं ते इतकं सावकाश, की रोज पाहणाऱ्यांना कळलंही नाही. नाराज झाले ते फक्त दोन बैल. त्यांचा खुराक बंद झाला होता.

"मी सांगितलं होतं ना," थोरला बैल म्हणाला, "परत घेतील म्हणून."

पुढची सुगी आली. लोक टेकडीवर जमले. पण कुणी आरोळ्या ठोकत नव्हतं. मागच्या वर्षी घरंगळलेली नाचणी सगळ्यांना आठवत होती.

राजा पायथ्याशी आला. तो पहिल्या तुलेला होता तसाच काटक दिसत होता. पोतं मागच्या वर्षीच्याहून मोठं होतं. त्याने गुडघे वाकवले, ते खांद्यावर घेतलं आणि चढू लागला. मधे एकदा थांबला, तेव्हा राणीने पदराचं टोक दातांत धरलं. पण तो फक्त पोतं दुसऱ्या खांद्यावर घ्यायला थांबला होता. वर पोचून तो पारड्यात बसला आणि पोतं मांडीवर घेतलं.

टोपल्या पडू लागल्या. पहिल्या तुलेला पारडं टेकलं होतं तिथून पुढे गेल्या. राजा सर्वांत लठ्ठ असताना जेवढ्या पडल्या होत्या, तेवढ्या झाल्या. पारडं अजून अधांतरीच होतं. आणखी एक पडली, मग आणखी एक, आणि तराजू स्थिर झाला. तेव्हा कुणीतरी ढोलावर हात मारला आणि टेकडी दुमदुमली.

त्या साली रांग संपली आणि धान्य उरलं. शेवटी उभ्या म्हातारीचा पदर भरून वाहू लागला. तिने राजाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काटकुळाच झालास रं पुन्हा!" ती म्हणाली. "जरा अंगानं..."

सगळी टेकडी चिडीचूप झाली. म्हातारीने झटकन तोंडावर हात ठेवला.

"न्हाई, न्हाई," ती म्हणाली. "हाय तस्साच ऱ्हा."

मग राजा हसला, आणि तो हसला म्हणून सगळे हसले. राजाने वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला.

तेव्हापासून त्या राज्यात नवा राजा गादीवर बसला की त्याला आधी पायथ्याचं पोतं दाखवतात. ते ज्याला खांद्यावर घेऊन चढता येतं, त्यालाच पारड्यात बसता येतं. आणि त्या देवीला नैवेद्य म्हणून अजूनही पुरण किंवा मांडे चालत नाहीत. तिला लागते ती नाचणीची गार भाकरी, अर्धीच. उरलेली अर्धी रांगेतल्या शेवटच्या माणसाची.

तात्पर्य: सालासकट आणि भुकेपुरता खाल्लेला दाणा अंगात बळ होतो, आणि दुसऱ्याचं पोट आपल्या बळाने भरता येतं, आपल्या पोटाने नाही.